लाल किल्ल्यावर १६ तारखेला, आमच्याकडे १३ महिन्यांनी

महोदय,

यंदा १५ ऑगस्टला आमच्या परंडा तालुक्यातल्या एका शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीनं खणखणीत भाषण ठोकलं : "१५ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकावला आणि आपला देश, आपलं गाव स्वतंत्र झालं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पोरीचा काय दोष? पण एका वाक्यात दोन चुका होत्या आणि मागं बसलेल्या गुरुजींपैकी एकाच्याही कपाळावर आठी दिसली नाही. तीस वर्षं इतिहास शिकवला, खोड जात नाही. म्हणून हे पत्र.

पहिली चूक किरकोळ. लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकावला तो १६ ऑगस्टला. १५ तारखेच्या संध्याकाळी तो चढला इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये, आणि तिथं गर्दी एवढी, की माउंटबॅटनना बग्गीतून खाली उतरता आलं नाही. १५ ऑगस्ट ही तारीखही माउंटबॅटन यांनीच ठरवलेली. ब्रिटिश सरकारनं जून १९४८ ची मुदत दिली होती, ती त्यांनी अलीकडं ओढली आणि जपानच्या शरणागतीला दोन वर्षं होतात तो दिवस धरला. आपण स्वतः ठरवलेला स्वातंत्र्यदिन २६ जानेवारीचा. लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यावर १९३० पासून तो पाळला जायचा. झेंडावंदन, प्रतिज्ञा. पहाटेच्या प्रभातफेऱ्याही त्याच चळवळीतल्या. आज पोरं झोपाळल्या डोळ्यांनी गल्लीबोळातून घोषणा देत फिरतात ती फेरी १५ ऑगस्टहून वयानं मोठी आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरी चूक मात्र मला सलते. १५ ऑगस्ट १९४७ ला आमचं गाव स्वतंत्र झालंच नव्हतं. आम्ही हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. शेजारची बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. इकडं निजामाचं नाणं हाली शिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया. हैदराबाद स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला होता, स्वामी रामानंद तीर्थांसारखे पुढारी पुढं तुरुंगात गेले, आणि तिरंगा लावणं हा आमच्याकडं गुन्हा होता.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सतरा वर्षांचे. १४ तारखेला आडवाटेनं चालत बार्शीला गेले, दुसऱ्या दिवशीचा सोहळा डोळे भरून पाहिला आणि येताना एक कागदी झेंडा सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून आणला. घामानं केशरी रंग पांढऱ्यात उतरला होता. आजीनं तो ज्वारीच्या कणगीत तळाशी घातला. पुढं रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या धाकानं घर दोनदा सोडावं लागलं. कणगी अर्धी झाली, झेंडा राहिला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गवर आली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. तेव्हा तो झेंडा तुरकाठीला चिकटवून अण्णांनी माळवदावर रोवला. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला होता.

१७ सप्टेंबरला आता मराठवाड्यात सरकारी झेंडावंदन होतं, नाही असं नाही. पण मुलं ते 'आणखी एक झेंडावंदन' म्हणून उरकतात, कारण १५ ऑगस्टला त्यांनी स्वतःच आपलं गाव स्वतंत्र करून टाकलेलं असतं! शिक्षक बंधू-भगिनींना विनंती एवढीच, की मोबाइलवरून उतरवलेली भाषणं पाठ करून घेण्याआधी त्यात गावापुरती एक ओळ घालावी : आपल्याकडं त्या दिवशी काय चाललं होतं? नळदुर्गच्या पोरांना एक सांगावं लागेल, बार्शीच्या पोरांना दुसरं. गोव्यातल्या शिक्षकाला तर थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत यावं लागेल.

अण्णा १५ ऑगस्टला जिलेबी आणायचे, सगळ्यांना वाटायचे, स्वतःही खायचे. मात्र पुडा सोडताना दरवर्षी म्हणायचे, "ही बार्शीची. आपली पुढच्या महिन्यात."

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. परंडा, जि. धाराशिव