आबांना पत्र: रेसच्या गाडीला ॲटोमॅटिक कशाला

नोव्ही, मिशिगन
मार्चचा शेवटचा रविवार

ती. आबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

आई, कांदा-लसूण चटणीचा डबा पोचला, झाकण घट्ट होतं, एक थेंब तेल बाहेर आलं नाही. काल भाकरीबरोबर खाल्ली तर तुझ्या नातीनंही मागून घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी सोडली नाही. इथं बर्फ वितळतोय पण सकाळी अजून काचेवर दहिवर असतंच.

आबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "रेस लावायची म्हणतोस आणि गाडी ॲटोमॅटिक? मग ड्रायव्हरनं करायचं काय?" तेव्हा मी निघायच्या घाईत होतो म्हणून दोन शब्दांत उडवलं, आणि मग आठवडाभर ते मनाला लागून राहिलं. तुम्ही चाळीस वर्षं उद्यमनगरात ट्रकचे गिअरबॉक्स खोललेत, तुम्हाला अर्धवट उत्तर द्यायचं नाही म्हणून आज बसून लिहितोय. वहीच्या कागदावर आकडेमोड पण केलीय, तिचा फोटो वेगळा पाठवतो.

आधी गाडी. फोटो तुम्ही बघितलाय, १९७० ची शेव्हरोले शेव्हेल, दोन दारांची, वजन १६०० किलोच्या आसपास. कंपनीतून निघाली तेव्हा तिच्यात ३०७ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन आणि पॉवरग्लाइड नावाचा दोनच गिअरचा ॲटोमॅटिक होता. दोनच, हो! माझ्याआधीच्या मालकानं ३५० इंचाचं इंजिन आणि तीन गिअरचा टर्बो ३५० टाकला, त्यावरच मी दोन उन्हाळे चालवली.

आता इथली रेस म्हणजे गोल ट्रॅक नाही, सरळ पाव मैल, १३२० फूट, आपल्या हिशोबात साधारण चारशे मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी. मी धावतो तो प्रकार म्हणजे ब्रॅकेट रेसिंग, त्यात आपली गाडी किती सेकंदात पोचणार ते आधीच काचेवर लिहायचं, हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात, आणि लिहिलेल्या वेळेच्या आत पोचलात तर हरलात. म्हणजे सगळ्यात वेगवान गाडी जिंकते असं नाही, दरवेळी तोच वेळ देणारी गाडी जिंकते. आणि आबा, इथंच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. क्लच दाबून गिअर टाकताना माणसाचा पाय रोज सारखा पडत नाही, एखादा गिअर पाव सेकंद उशिरा पडला की खेळ संपला. ॲटोमॅटिक दरवेळी तिथंच पडतो. ड्रायव्हरचं काम उरतं ते सुटण्याचं, खांबावर तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदानं लागतात आणि मग हिरवा, हिरवा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, शेवटच्या पिवळ्यालाच पाय सोडावा लागतो, जरा घाई झाली की लाल दिवा. ते काम मन लावून करायचं असेल तर डावा पाय क्लचमधून मोकळा हवा.

दुसरं कारण टॉर्क कन्व्हर्टर. आपल्याकडं पंपाचे इम्पेलर ओततात ना, तसे दोन पंखे समोरासमोर, एक इंजिनला, दुसरा गिअरबॉक्सला, मधे फक्त तेल. पहिल्यानं फेकलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं, आणि मधलं छोटं चाक, स्टेटर, परत येणारं तेल योग्य बाजूला वळवून पहिल्यालाच हात देतं, त्यामुळं गाडी सुटताना टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जवळपास दुप्पट होतो. क्लच प्लेटवर झटका नाही, मागच्या क्राऊन-पिनियनवर, म्हणजे मागच्या आसातल्या दात्यांवर, धाडकन आघात नाही. आत गिअर प्लॅनेटरी, दात कायम अडकलेलेच, फक्त कुठला ड्रम धरायचा आणि कुठला सोडायचा हे तेलाच्या दाबावर प्लेटा आणि बँड ठरवतात. एकदा तुमच्यासमोर खोलून दाखवायचाय मला.

तर ॲटोमॅटिक ठरलं, पण कुठला, याच्यावर मी अख्खा हिवाळा घालवलाय.

इथले जुने रेसवाले पहिला सल्ला देतात तो पॉवरग्लाइडचाच. हलका, आत फिरणारे भाग कमी, पाव मैलात एकदाच गिअर बदलायचा, त्यामुळं वेळ एकदम पक्का. पण त्याचा पहिला गिअर १.७६, शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे एवढेच फेरे, म्हणजे हलक्या गाडीला आणि अफाट ताकदीच्या इंजिनला तो ठीक, माझ्या १६०० किलोला सिग्नलवरून उचलताना इंजिन रडेल. दुसरा सल्ला टर्बो ४००, तो १९६४ पासूनचा, लोखंडासारखा मजबूत, जिथं दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बर विमानं बनायची त्याच विलो रनच्या कारखान्यात नंतर हे गिअरबॉक्स बनत, ती जागा माझ्या घरापासून फार लांब नाही, तिथून जाताना मला दरवेळी काहीतरी वाटतं. पण तो जड, स्वतःला फिरवायलाच जास्त ताकद खातो, आणि माझं इंजिन ३८० हॉर्सपॉवरच्या आसपासचं, त्याला एवढी मजबुती लागत नाही. शिवाय या तिन्हींत, टर्बो ३५० धरून, शेवटचा गिअर एकास एकच, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर, नाही.

आणि माझी अडचण नेमकी तीच होती. मी जातो ती स्ट्रिप, म्हणजे रेसची सरळ पट्टी, मार्टिन गावाजवळ, यूएस १३१ मोटरस्पोर्ट्स पार्क, घरापासून जवळपास १५० मैल, म्हणजे आपलं कोल्हापूर ते पुणे. मी गाडी ट्रेलरवर नेत नाही, चालवत नेतो, रेस लावतो आणि त्याच गाडीतून घरी येतो, मला त्यातच खरा आनंद आहे. मागं क्राऊन-पिनियन ४१ आणि ११ दातांचं, ३.७३, टायर २६ इंची. ताशी ६५ मैलाला, म्हणजे १०५ किलोमीटरला, इंजिन ३१३० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, सतत ओरडतं. तुम्ही हिशोब करून बघा, एका बाजूच्या प्रवासात इंजिनाचे सव्वाचार लाखांच्या वर फेरे होतात. दोन वर्षं मी घरी पोचल्यावर कान गच्च झालेले असायचे आणि मागं बसलेल्या पोरीशी वाटेत एक शब्द बोलता यायचा नाही. मागचं पिनियन बदलून हायवेला आराम मिळाला असता, पण मग स्ट्रिपवर गाडी मेली असती. दोन्ही पाहिजे असेल तर चौथा गिअर पाहिजेच.

चार गिअरवाले तीन बघितले. ४एल८०ई हा टर्बो ४०० चाच पुढचा भाऊ, चौथा ०.७५, तुटता तुटत नाही, पण सगळा इलेक्ट्रॉनिक, त्याला वेगळा कॉम्प्युटर लागतो, वजन खूप आणि आकार एवढा की गाडीचा तळ हातोड्यानं ठोकून जागा करावी लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मला ते नको होतं. मग ७००-आर-४, १९८२ पासूनचा, पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७०. सिग्नलवरून सुटताना एकदम मस्त, पण पहिल्यावरून दुसरा १.६३, मधे मोठी दरी, ६००० ला गिअर बदलला की आरपीएम थेट ३२०० ला येतात आणि इंजिनाला दम परत धरावा लागतो.

तरी गेल्या ऑगस्टमध्ये मी सेकंडहँड ७००-आर-४ घेऊन बसवला, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. याला कार्ब्युरेटरपासून एक केबल येते, टीव्ही केबल म्हणतात, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते ती गिअरबॉक्सला कळवते आणि त्यावर आतला तेलाचा दाब ठरतो. ती ढिली राहिली तर दाब कमी, दाब कमी म्हणजे प्लेटा घसरतात आणि जळतात. मी केबल अंदाजानं लावली. माझ्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरची त्रिज्या वेगळी होती, त्याला वेगळा ब्रॅकेट लागतो, तो मी घेतलाच नाही. चाळीस मैलांत तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा जळाल्या. रस्त्याकडेला उभा राहून डिपस्टिक काढली तर लाल तेल काळपट तपकिरी झालेलं, आणि आबा, वास अगदी आंबा घाट चढताना ओव्हरलोड ट्रकचा क्लच जळतो तसा. लहानपणी तुमच्याबरोबर ब्रेकडाऊनला यायचो तो वास मला एका क्षणात ओळखू आला. त्या दिवशी फार वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त याचं की तुमच्या हाताखाली शिकून मी मोजमाप न करता काम केलं.

म्हणून यावेळी घाई केली नाही. ठरवला तो २००-४आर. पहिला २.७४, दुसरा १.५७, चौथा ०.६७. सहा हजाराला बदलला की साधारण ३४४० ला पडतो, इंजिन ताकदीतच राहतं. ६५ मैलाला आरपीएम २१०० वर येतात, तेच सव्वाचार लाख फेरे दोन लाख नव्वद हजारांवर, आणि कन्व्हर्टरला लॉक-अप, म्हणजे दोन्ही पंखे एकमेकांना धरून ठेवणारा क्लच, असल्यामुळं हायवेला तेलातली घसरणही बंद. मूळचा तो फार मजबूत नव्हे, हे खरंय, पण ब्युइकनं १९८७ च्या ग्रँड नॅशनलच्या टर्बो व्ही-६ मागं हाच लावला होता आणि तेव्हापासून लोकांनी त्याचे कमजोर भाग शोधून काढलेत, पंप, स्टेटरचा सपोर्ट, सर्व्हो, हे सगळं कडक स्टीलचं घालून बांधून घेतलाय. कन्व्हर्टरसकट साडेतीन हजार डॉलर गेले. कन्व्हर्टरला २८०० आरपीएमचा स्टॉल आहे, म्हणजे ब्रेक धरून ॲक्सिलरेटर दिला की इंजिन तिथवर चढतं आणि मगच गाडी ओढायला लागते.

बसवायलाही सोपा गेला. लांबी टर्बो ३५० एवढीच, मागचे स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या खाचा, तेच २७, त्यामुळं प्रोपेलर शाफ्टला हातसुद्धा लावला नाही, फक्त मधला क्रॉसमेंबर मागं सरकवला. केबलचा ब्रॅकेट यावेळी बरोबर घेतला आणि दाब गेजवर मोजला, तीन वेळा, तुम्ही वेल्डिंगच्या आधी मापं घेता तसा. रेडिएटरपुढं तेलाचा वेगळा कूलर लावलाय, ॲटोमॅटिकला उष्णतेइतकं काहीच मारत नाही.

आई, हेल्मेट घालतो, चौदा सेकंदांच्या आत धावणाऱ्याला ते सक्तीचंच आहे आणि माझी गाडी १३.४ ला जाते. प्रोपेलर शाफ्टखाली लोखंडी कडं पण बसवलंय, जॉईंट तुटला तरी शाफ्ट खाली पडून गाडी उचलणार नाही. पोरगी रेसमध्ये बसत नाही, ती आईबरोबर स्टँडवर असते.

काल पहिल्यांदा हायवेला काढली. चौथा पडला, मग लॉक-अप लागला, आणि आवाज एकदम खाली बसला. मागून पोरगी म्हणाली, "बाबा, गाडी बंद पडली का?" नाही म्हटलं, आता बोल तू, मला ऐकू येतंय.

ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं येताय, तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते, १९९५ पासून चालू आहे, त्यात आपण शेव्हेल घेऊन जाऊ. आबा पुढं बसतील.

आबा, एक विचारायचं होतं. जुना टर्बो ३५० कोपऱ्यात पडलाय, चांगल्या चालीतला आहे, एकजण चारशे डॉलर देतो म्हणतोय. विकू का तेल भरून, तोंडं बंद करून ठेवू? रविवारी फोन करतो तेव्हा सांगा.

तुमचा,
बाळू