मुकुट नसला म्हणून काय?

संपादक महोदय,
प्रजासत्ताक कधी साम्राज्य होऊ शकत नाही, हे मत पटत नाही. सिंहासन शोधू नका. कायदा कोण करतो आणि तो लागतो कोणाला, ते पाहा. फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकाने ट्युनिशिया (१८८१) आणि मादागास्कर (१८९६) गिळले, तेही निवडून आलेल्या संसदेच्या मंजुरीने. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेकडे आहे. तिथल्यांना १९१७ पासून नागरिकत्व आहे, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की मतदार! आपल्या इंदूरला हा प्रकार ओळखीचाच: मंदसोरच्या तहानंतर (१८१८) होळकरांची गादी राहिली, परराष्ट्र व्यवहार मात्र कंपनीकडे गेला.
– एक वाचक, इंदूर