देवणीच्या रंगाचा संघ

नॉटिंगहॅम,
20 मे 2025

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही एकच गोष्ट दोनदा विचारली, आणि दोन्ही वेळा माझं उत्तर तुमच्या कानापर्यंत पोचलं नाही. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं तर शेजारच्यानं भिंत वाजवली. म्हणून लिहायला बसलोय. दादाची चिमणी वाचून दाखवेल. चिमणे, सावकाश वाच, आणि आजोबांनी मध्येच शिवी हासडली तर ऐकलीच नाही असं कर.

तुम्ही म्हणालात, "हारलं ते हारलं. तू काहून तोंड पाडून बसलालास? तुझं कोण लागतंय त्यात?"

फुटबॉलमध्ये हरलो हे खरं. वर चढायच्या फेरीत विंबल्डनच्या संघानं उपांत्य सामन्यातच आमचा निकाल लावला. आणखी एक वर्ष आम्ही चौथ्याच दर्जात. 'आम्ही' म्हणतोय, हसू नका. इथं फुटबॉलच्या पायऱ्या आहेत. टीव्हीवर आपल्याकडं जे दिसतं ते सगळ्यात वरच्या पायरीचं, तिथं 20 संघ. त्याखालच्या तीन पायऱ्यांवर चोवीस-चोवीस. दरवर्षी खालचे काही वर चढतात, वरचे काही खाली घसरतात. माझा संघ, नॉट्स काउंटी, तळाच्या पायरीवर आहे. आणि तो 1862 सालचा आहे, अण्णा. सत्तावन्नच्या बंडाला पाच वर्षं झाली होती तेव्हाचा. पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांत जगात याच्याइतका जुना दुसरा नाही.

मी 2018 च्या दिवाळीनंतर इथं आलो, तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या वॉर्डात एक म्हातारा पोर्टर होता, पेशंटची खाट ढकलणारा. रात्रपाळीला चहा पिताना त्यानं विचारलं, गावात कुठला खेळ? मी कुस्ती म्हणालो, तालमीचं सांगितलं, हौदातली लाल माती, तेल-ताक-हळद-लिंबू सगळं सांगितलं. मातीला ताक पाजतात हे त्याला पटेना. दुसऱ्या शनिवारी तो मला मेडो लेनला घेऊन गेला. ते नॉट्स काउंटीचं मैदान, 1910 पासूनचं. थंडी अशी की नाकाचा शेंडा जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागत होतं. संघ मैदानात उतरला आणि मला तुमची देवणी जातीची शेवरा गाय दिसली. अंगावर काळं-पांढरं, काळं-पांढरं! यांचे पट्टे सरळ आहेत आणि देवणीचे ठिपके वेडेवाकडे, एवढाच काय तो फरक. मी खुर्चीवर मोठ्यानं हसलो. म्हाताऱ्याला वाटलं, खेळ बघून हसतोय, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटलं नाही. सवय होती त्याला.

त्याच मोसमात, 4 मे 2019 ला, स्विंडनमध्ये 3-1 नं हरून हा संघ या चार पायऱ्यांच्या लीगच्या बाहेर, पाचव्या दर्जात पडला. 1888 साली 12 संघांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग काढली, त्या बारांतला हा एक. तेव्हापासून कधी बाहेर गेला नव्हता. आणि मी येऊन सहा महिने होतात न होतात तोच गेला. म्हणजे पायगुण म्हणाल तर माझाच. त्या दिवशी मी कामावर होतो. पोर्टर लिफ्टच्या दारात भेटला. काही बोलला नाही, रिकामी खाट ढकलत गेला.

तुमच्या मनात आता येईल ते मला माहीत आहे. गावात दुसरा मोठा संघ नाही का? आहे ना. ट्रेंट नदीच्या पलीकडच्या काठाला, इथून चालत पाच-दहा मिनिटांवर. नॉटिंगहॅम फॉरेस्ट. 1979 आणि 1980, सलग दोन वर्षं युरोपचा चषक घेतलेला. आज तो सगळ्यात वरच्या पायरीवर खेळतो, त्याचं तिकीट मिळत नाही. माझ्याबरोबरची केरळची पोरं सगळी फॉरेस्टची. मला म्हणतात, तू नदीच्या चुकीच्या काठावर उतरलास.

उतरलो खरा. पण चुकीच्या काठावर उभं राहायचं मला कुणी शिकवलं, ते आता ऐका.

भूकंपाच्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटेची गडगड मला आठवते, नंतरचं तुमच्या खांद्यावरून पाहिलेलं तेवढंच. माळवदाची घरं दगडामातीसकट बसली. मग नवं गाव वसलं, रुंद रस्ते, ओळीनं घरं, शाळा, समाजमंदिर. तालमीला नकाशात जागा कुणी ठेवली नाही, आणि माणसं गेलेल्या गावात तालमीसाठी भांडायला कुणाला तोंड होतं? पण तुम्ही दर शनिवारी टिकाव-फावडं घेऊन जुन्या गावठाणात जात होतात. आधी ढिगाऱ्यातून हौद मोकळा केला. मग भिंत कंबरेपर्यंत आणली. मग पत्रे. मारुतीला शेंदूर. मी आपला गुळ-शेंगदाण्याच्या आशेनं मागं मागं. तुम्ही माती उकरायचात, चाळायचात, तिला ताक पाजायचात, आणि पहिलवान एकही नसायचा. मला आठवतंय, मी विचारलं होतं, अण्णा, खेळायला कुणी येत नाही तर माती कशाला करायची? तुम्ही म्हणाला होतात, "मातीला काय माहीत कोण येलालंय आन् कोण नाही."

तेव्हा कळलं नव्हतं. मेडो लेनला पाचव्या दर्जाचा सामना बघत पावसात बसलो होतो, तेव्हा कळलं. लीगच्या बाहेर पडलेल्या संघालाही शनिवारी हजारो माणसं येतात, अण्णा. बापाच्या जागेवर मुलगा, त्याच्या मांडीवर नातू. कुणी नाचत नाही. शिव्या मात्र भरपूर, आणि त्या आपल्याच खेळाडूंना.

मैदानाबाहेर दोन म्हाताऱ्यांचा पुतळा आहे, एका बाकावर शेजारी शेजारी. एक जिमी सिरल, दुसरा त्याचा जोडीदार जॅक व्हीलर. सिरल म्हणजे यांचा वस्ताद. चौथ्या दर्जातल्या संघाला त्यानं 1981 पर्यंत थेट पहिल्या दर्जात नेलं. पुतळे म्हटलं की आपल्याकडं घोडा किंवा वर केलेला हात. हे दोघं नुसते बसलेत, चावडीवर बसावं तसे. मी ड्यूटीला जाताना कधी कधी मुद्दाम त्या रस्त्यानं जातो. व्हीलरच्या बसण्यात तुमची ढब आहे.

आणखी एक गोष्ट, ही पारावर सांगा. इटलीत युव्हेंटस नावाचा संघ आहे, जगातल्या पहिल्या रांगेतला. सुरुवातीला त्यांचा रंग गुलाबी होता आणि धुऊन धुऊन तो पार विटला. 1903 साली त्यांच्यातल्या एका इंग्रजानं नॉटिंगहॅममधल्या ओळखीच्या माणसाला कळवलं, नवे शर्ट धाड. तो माणूस काउंटीचा निघाला, त्यानं काळे-पांढरे पट्टे धाडून दिले. तेव्हापासून युव्हेंटस काळ्या-पांढऱ्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर एका तालमीनं दुसरीला लंगोट दिला, घेणारी हिंदकेसरी झाली आणि देणारी अजून यात्रेत नारळाच्या कुस्त्या धरतीय. पण 2011 ला युव्हेंटसनं नवं स्टेडियम बांधलं तेव्हा पहिल्या सामन्याला बोलावलं कुणाला? काउंटीला. सामना 1-1 सुटला. ही गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं, तोंडपाठ.

2009 मध्ये बड्या पैशाच्या गप्पा मारत नवे मालक आले होते. इंग्लंडच्या संघाला शिकवलेला एरिक्सन आणला, सोल कॅम्पबेल नावाचा नामांकित गडी आणला, तो एक सामना खेळून निघून गेला. पैसा काही आलाच नाही. पण गंमत बघा, त्याच मोसमात हे चौथ्या दर्जात पहिले आले. जत्रेत मोठ्या इनामाचा पुकारा करून रात्रीतून पळालेला ठेकेदार तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षीही कुस्त्या चांगल्याच झाल्या होत्या.

आता 2023 चं, मग पुरे करतो. पाचव्या दर्जातून थेट वर एकच संघ जातो, बाकीच्यांना झगडावं लागतं. काउंटीनं 107 गुण केले. एवढे गुण करूनही दुसरे आले, कारण रेक्सहॅमनं 111 केले, ज्याचे मालक हॉलिवूडचे दोन नट. त्या दोन संघांची गाठ एप्रिलमध्ये पडली. आम्ही 3-2 नं मागं, वेळ संपून गेलेली, आणि आम्हाला पेनल्टी. सेडविन स्कॉटनं मारली, त्यांच्या गोलकीपरनं अडवली. पोर्टर त्या रात्री म्हणाला, आता मी मेल्यावरच वर जाणार हे.

मेच्या 13 तारखेला वेम्बलीत शेवटचा सामना, चेस्टरफिल्डशी. आम्ही दोघं गेलो. दोनदा मागं पडलो, दोनदा बरोबरी केली. 2-2. कुस्तीत जोड सोडवतात, इथं सोडत नाहीत, एकेकानं येऊन पेनल्टी मारायची. खेळ संपायच्या तोंडावर आमच्या वस्तादानं गोलकीपरच बदलला, केवळ पेनल्ट्या अडवायला दुसरा पोरगा आत घातला. मी म्हणालो, झालं, डोकं फिरलं याचं. त्या पोरानं दोन अडवल्या. आणि शेवटची, जिच्यावर सगळं होतं, ती मारायला कोण आला? तोच सेडविन स्कॉट. मी बघितलंच नाही, खाली वाकून बुटाचे बंद धरून बसलो होतो. आवाजावरून कळलं. पोर्टरनं माझी कॉलर धरून उभं केलं.

तुम्ही 1970 ची गोष्ट सांगता ना, रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी एडिनबर्गला राष्ट्रकुलचं सोनं घेतलं ती? अठरा वर्षांचे तुम्ही, मास्तरांच्या घरी जाऊन नकाशात एडिनबर्ग शोधत होतात. सापडल्यावर बोट ठेवून विचारलंत, इथं माती कशी असेल? एडिनबर्ग माझ्यापासून आगगाडीनं चार-पाच तासांवर आहे. गेल्या वर्षी गेलो होतो. माती काळसर आहे अण्णा, ओली, मुठीत धरली तर गोळा होतो. कुस्ती तिथं गादीवर झाली असणार, पण मी आपली बघून घेतली. बिराजदार तुमचे कोण लागत होते? सोयरे नाहीत, भावकी नाही. पुढं दोनच वर्षांत बहात्तरचा दुष्काळ पडला, तुमचा खुराक तुटला, दुधाच्या जागी सुकडी आली, लंगोट खुंटीला लागला आणि हातात खडी फोडायचा हातोडा आला. तरी त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो तालमीत मारुतीच्या शेजारी तुम्हीच लावला. भूकंपात काच फुटली, फोटो राहिला.

तेव्हा माझं कोण लागतं, हे मला विचारू नका.

बाकी ठीक. मायच्या गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, हे वहिनीला पुन्हा सांगा. पैसे एक तारखेला येतील. कार्तिकात पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. पोर्टर आता निवृत्त झालाय आणि तोही यायचं म्हणतोय, त्याला ताक प्यायलेली माती बघायची आहे. दादाला म्हणावं, दिवाळीच्या आत तालमीचे दोन पत्रे बदलून घे, माझ्याकडून. हौद मात्र मी आल्यावरच उकरा. टिकाव मला मारू द्या.

तुमचा,
धाकटा

ता. क. पार्सलनं एक काळी-पांढरी लोकरीची मफलर पाठवली आहे. माय म्हणेल, मे महिन्यात लातूरला लोकर कुणी पाठवतं का. थंडीपर्यंत पेटीत ठेवा. गायीच्या गळ्यात बांधू नका, तुमचा काही भरवसा नाही.