आई, पित्त झालंय म्हणून सांगू नको

लातूर,
दिव्याची आवस

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. घरी कुणी आजारी नाही, पैसेही नकोत. फोनवर हे जमत नाही म्हणून लिहायलोय. मी तोंड उघडलं की आई "जेवलास का रं?" म्हणते, बाबा सोयाबीन फुलावर आल्याचं सांगतात, आणि खरं म्हणजे विषय तिथंच मोडलेला मलाही बरा वाटतो.

आज गटारी. आई, तू तिकडं कणकेचे दिवे केले असतील. इकडं अडतीवरच्या पोरांचं कामात लक्ष नाही, मी मागच्या हिशोबपट्ट्या जुळवत बसलोय. चार महिने नऊ दिवस झाले, मी प्यायलो नाही.

बघा, हे वाक्य लिहायला सुद्धा दोनदा पेन खाली ठेवला. आपल्या घरात हा शब्द कधी आलाच नाही. आई म्हणायची, "त्याला पित्ताचा त्रास हाय." बाबा म्हणायचे, "दमून येतो." बाबांच्या गळ्यात माळ, आजोबांपासून चालत आलेली वारी, त्या घरात तो शब्द बसणार कुठं? माझं तर फावलंच. तुम्ही पित्त म्हणायचात, मी पित्ताची गोळी घ्यायचो, आणि तिघांचंही भागायचं.

मी खोटं बोललो असं तुम्हाला वाटत असेल. गंमत अशी की माझी कारणं सगळी खरी होती. 2016 ला खरंच पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. गारपीट खरी होती. भाव पडला, उचल अंगावर राहिली, तेही खरं. खोटा होता तो फक्त एक शब्द : 'म्हणून'. भाव पडला म्हणून घेतली. आणि ज्या वर्षी तुरीला भाव लागला, त्या वर्षी भाव लागला म्हणून घेतली. तेव्हा तरी उमजायला हवं होतं.

त्या एप्रिलातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तुमची सून पोरीला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत घागरी लावून उभी असायची. आणि मी त्याच गल्लीच्या टोकाला दुकानात दारूत घालायला पाण्याची सीलबंद बाटली विकत घ्यायचो. तेव्हाही मनात आलं ते एवढंच : देशी पिणारे बघा, कसलंही पाणी ओततात, आपण निदान इंग्लिश घेतो, व्यवस्थित घेतो.

मापाचंही तसंच. "एकच क्वार्टर" असं मी म्हणायचो, जसा काही पेढाच. आता हिशोब केला. 180 मिली, बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं. म्हणजे 77 मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात 60 ग्रॅमच्या वर. तेही रोज. शेतकऱ्याच्या सोयाबीनमधला ओलावा टक्क्यानं कापणारा माणूस मी, बाटलीवरचा टक्का कधी वाचला नाही.

पण माझा सगळ्यात भारी पुरावा होता श्रावण. बाबा, तुम्ही चारचौघांत सांगायचात, "आमचा पोरगा श्रावण कडक पाळतो." पाळायचो. आणि महिनाभर सोडू शकतो तो दारुडा कसा, हा दाखला उरलेले अकरा महिने पुरवायचो. मागच्या पोळ्याला कालनिर्णय उघडून अमावास्या किती वाजता संपते ते मी पाहिलं होतं. दुपारीच संपत होती. म्हणजे श्रावण संपला. तिथीचा इतका बारीक हिशोब आपल्या गावच्या गुरवानंही केला नसेल. संध्याकाळी तोरणाखाली बैलांसमोर मी जे केलं ते तुम्ही पाहिलंच. आई गावाला सांगत फिरली, "पोरगं सकाळपासून उपाशी होतं, चक्कर आली."

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी मला चार प्रश्न विचारले. अमेरिकेतल्या जॉन युइंग नावाच्या डॉक्टरनं तयार केलेत, 1984 मध्ये छापून आले. कमी करावी असं कधी वाटलं का? म्हटलं, वाटलं, केली पण. म्हणजे ताबा आहे. कुणी बोललं तर राग येतो का? म्हटलं, माणसं बोलतातच तशी. अपराधी वाटतं का? म्हटलं, माळकऱ्याच्या घरचा आहे, वाटणारच. सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? म्हटलं, हात थरथरतात, तेवढ्यापुरता उतारा. दोन 'हो' आले तरी नीट तपासावं लागतं, म्हणाल्या. माझे चारही 'हो' होते आणि प्रत्येकाला मी शेपूट जोडलेलं. त्या हसल्या नाहीत. नुसतं लिहून घेतलं.

उतारा म्हटलं की बाबांना सातबारा आठवतो. माझा उतारा सकाळी सहाला गाडीच्या डिकीत असायचा.

आई, दिवाळीतल्या त्या रात्रीचं आता सांगतो. घरी दारू मिळेना म्हणून एकदम बंद केली होती, आणि तिसऱ्या रात्री मी भिंतीवरच्या मुंग्या झाडत ओरडत सुटलो. तू मीठ-मोहऱ्या उतरवल्यास, शेजारच्या काकू "बाहेरचं हाय" म्हणाल्या. बाहेरचं काही नव्हतं. रोज लागणारी दारू अचानक तोडली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा भडकतो. कुणाला झटके येतात, कुणी जातोही. हे काम दवाखान्यातच करायचं असतं. मला नंतर तिथं गोळ्या देऊन हळूहळू उतरवलं, सुईतून ब-1 जीवनसत्त्व दिलं. पण माझं डोकं बघ. त्या रात्रीचाही मी दाखला केला : सोडली की मला त्रास होतो, म्हणजे माझ्या अंगाला ती लागते.

अजून एक. फडताळात तांदळाच्या डब्यामागं तू जी पुडी ठेवली आहेस, 'न सांगता दारू सोडवा'वाली, ती मी पाहिली होती. रागावलो नाही. पण ती फेकून दे, आणि कुणा बाईला देऊही नको. त्यात काय असतं त्याचा पत्ता नसतो. दारू सोडवायचं खरं औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते डॉक्टरच्या नजरेखाली, घेणाऱ्याला सांगून द्यायचं असतं.

तुळजापूरच्या शपथेचं बाबांनी परवा पुन्हा काढलं. बाबा, तीनदा घेतली मी. पहिली दसऱ्यापर्यंत टिकली. दुसऱ्या वेळी बिअर शपथेत येत नाही असं ठरवलं. तिसरी कशी मोडली ते आठवत नाही. आईभवानीचा दोष नाही, पळवाट काढणारं डोकं तेच होतं. सध्या संध्याकाळी ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जातो. तिथं आपलंच नाव घेऊन 'मी मद्यपी आहे' म्हणायचं असतं. पहिल्या आठवड्यात मी म्हणायचो, "थोडा त्रास आहे." समोर एक रिटायर्ड मास्तर बसतात, ते म्हणाले, "पित्ताचा का?" सगळे हसले. मला रडू आलं.

सून आता बोलते, पण पगार तिच्याच हातात देतो. पोरगी अजून मी घरात आलो की तोंडाचा वास घेते, नकळत. घेऊ द्या.

आई, दोष तुझा आहे असं मी म्हणत नाही. तू माझी अब्रू झाकलीस. पण त्या पदराखाली बसून मी पीत राहिलो. तेव्हा आता कुणी विचारलं तर पित्त सांगू नको. "दारू होती, औषध चालू हाय" एवढंच सांग. बाबांना जड जात असेल तर त्यांनी गप्प राहिलं तरी चालेल, फक्त "दमून येतो" नको.

मी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी येतो, पोळा करून दुसऱ्या दिवशी निघेन. कालनिर्णय बघितलेलं नाही. कासरा बाबांनीच धरावा. मी मागं चालीन. लोक बघतील, तर बघू देत. पुरणपोळी जास्तीची कर, हल्ली भूक लई लागते.

तुमचा,
बाळू