10 डिसेंबर 1971 च्या ‘अलिझे’ची कागदपत्रं खुली करा

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. जहाज न सोडणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला देशाच्या लक्षात राहिले, आणि राहायलाच हवेत. पण दुसऱ्याच दिवशी कच्छच्या जखाऊ बंदराकडच्या समुद्रावर नौदलाचं ‘अलिझे’ विमान पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-104 स्टारफायटरने पाडलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि विजयन हे तिघं त्यात होते. त्यांच्याबद्दल सामान्य वाचकाला दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही.

‘अलिझे’ ही विमानं ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी फ्रान्सकडून घेतलेली. मूळ काम पाणबुड्या हुडकण्याचं. पण त्याच युद्धात पूर्वेकडे ‘विक्रांत’वरची ‘सी हॉक’ लढाऊ विमानं दिवसा आणि ‘अलिझे’ रात्री बंदरांवर बाँब टाकत होती. तिकडे ‘विक्रांत’ने शत्रूच्या हल्ल्यात एकही विमान गमावलं नाही. पश्चिमेकडचं चित्र वेगळं होतं.

गोव्यात दाभोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात याच जातीचं एक विमान ठेवलेलं आहे. जवळ जाऊन पाहावं. नाकावर एकच पंखा, पोटाखाली रडारचा गोल फुगवटा. हवेतल्या लढाईसाठी तोफ किंवा मशिनगन नाही. पाठीमागे लागलेलं स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारं, आणि हे त्याच्या निम्म्यानेही नाही. त्या तिघांच्या हातात पळण्याइतका वेग नव्हता, उलट वार करायला हत्यार नव्हतं. मग पाकिस्तानी लढाऊ विमानांच्या टप्प्यात त्यांना कोणत्या आदेशाने पाठवलं? सोबत संरक्षण होतं का? शेवटचा संदेश काय आला, शोध किती दिवस चालला? दोष कुणाच्या माथी मारायचा म्हणून मी हे विचारत नाही. युद्धात असे निर्णय घ्यावे लागतात. पण ते का घेतले, हे देशाला समजायला हवं.

माहिती न मिळाल्याने घरच्यांचं काय होतं, हे आपल्याला मी सांगायला नको. त्याच युद्धात बेपत्ता झालेले हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी कित्येक दशकं उत्तरासाठी पाठपुरावा केला.

जून 2021 मध्ये आपल्याच मंत्रालयाने युद्धाच्या नोंदींचं धोरण जाहीर केलं. त्यानुसार कागदपत्रं साधारणपणे 25 वर्षांत खुली करायची, आणि त्याहून जुनी तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायची. 1971 ला 50 हून जास्त वर्षं झाली. ‘अलिझे’ आता इतिहासजमा आहे. त्याचा वेग किंवा रडारची क्षमता कळून आज कुणाचं काय बिघडणार?

मागणी एवढीच आहे. त्या उड्डाणाचा आदेश, संपर्काच्या नोंदी, शोधमोहिमेचा अहवाल, झाली असेल तर चौकशी, यांतलं जे उपलब्ध असेल ते अभिलेखागारात सर्वांना वाचायला ठेवावं. आधी एक प्रत तिन्ही घरी पोचवावी. जे नष्ट झालं असेल, ते तसं लेखी सांगावं. गोव्याच्या संग्रहालयात त्या विमानाशेजारी तिघांची नावं आणि हकिगत मराठी, कोकणी, हिंदीत लावावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. धोरण आपलंच आहे. आपल्या सहीचं एक पत्र नौदल मुख्यालयात गेलं की काम सुरू होईल.

आपला,
मुंबईतील एक नागरिक