डायव्हिंगच्या एजन्सी आणि गुडघ्यांवरचे शिक्षण

महोदय,

पावसाळा सरून ग्रँड आयलंडकडे होड्या सुटू लागल्या की गोव्यातल्या डायव्हिंगवाल्यांमध्ये जुना वाद पुन्हा पेटतो : पॅडी चांगली की एसएसआय? सिलिंडर लावून पाण्याखाली जायला शिकवण्याचे नियम ठरवणाऱ्या आणि शिकल्याचे कार्ड देणाऱ्या या दोन एजन्सी. एकीला कार्डे छापणारा कारखाना म्हणायचे, दुसरीला तिची नक्कल. शिकायला आलेला माणूस यातून काहीच न समजता स्वस्त दर बघून नाव नोंदवतो.

कागदावर या दोघींचा ओपन वॉटर हा पायाभूत कोर्स आयएसओ २४८०१-२ या एकाच आंतरराष्ट्रीय मानकात बसतो. समुद्रात किमान ४ डाइव्ह, १८ मीटरची मर्यादा, २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे. खरे फरक वेगळ्याच जागी आहेत. एसएसआयचा प्रशिक्षक कुठल्यातरी केंद्राशी जोडलेला असावा लागतो. पॅडीचा स्वतंत्रपणेही शिकवू शकतो. नावी (NAUI) ही आणखी एक अमेरिकी एजन्सी प्रशिक्षकाला स्वतःच्या जादा अटी घालू देते. पॅडीत ठरलेल्या कसोट्या पार केल्या की कार्ड द्यावेच लागते. यावर जरूर भांडावे, त्यात अर्थ आहे.

पण सगळ्यांत रास्त टीका कुठल्याच एका एजन्सीपुरती नाही. मास्कमधले पाणी काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा भाग) शोधणे, जोडीदाराच्या ऑक्टोपसवर (जादा रेग्युलेटरवर) श्वास घेणे हे सारे बहुतेक ठिकाणी तलावाच्या तळाशी गुडघे टेकवून शिकवले जाते. विद्यार्थी जागचा हलू नये म्हणून कमरेच्या पट्ट्यात २-३ किलो जादा वजन घालतात आणि तेच वजन घेऊन तो समुद्रात उतरतो. मग बुडू नये म्हणून बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात, जास्त हवा भरावी लागते. १० मीटरवरची हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट फुगते, त्यामुळे थोडे वर सरकताच माणूस फुग्यासारखा सुटतो. घाबरून हवा सोडली की दगडासारखा खाली. जड कंबर खाली आणि बीसीडीची हवा वर, म्हणून शरीर उभे राहते आणि पायांतले फिन्स (पोहण्याचे पंख) गाळ उडवतात. आपल्याकडे गढूळ दिवशी आधीच ३-४ मीटरपलीकडे दिसत नाही. त्यात सूझीज रेक या बुडालेल्या जहाजावर एकाने गाळ उडवला की मागच्या तिघांना काहीच दिसत नाही.

याला उपाय पाच मिनिटांचा आहे : पाण्याच्या पृष्ठभागावर वजनाची चाचणी. तळाला पाय न टेकता बीसीडी पूर्ण रिकामी करायची आणि नेहमीचा श्वास छातीत धरायचा. वजन नेमके असेल तर पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले पाहिजे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू बुडला पाहिजे. सिलिंडर भरलेला असेल तर त्यावर २ किलो वाढवायचे, कारण नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधली हवा २०० बार दाबावरून ५० वर येईपर्यंत साधारण तेवढीच हलकी होते. त्यानंतर प्रत्येक कौशल्य तळाला न टेकता, पाण्यात अधांतरी तरंगत करून घ्यायचे. जीयूई ही डायव्हिंग शिकवणारी संस्था पहिल्यापासून याच आग्रहाने शिकवत आली आणि २०१४ च्या सुधारित कोर्समध्ये पॅडीनेही तरंगण्यावर भर वाढवला. म्हणजे टीकेचा उपयोग होतो. किनाऱ्यावर मात्र सवय अजून गुडघ्यांचीच.

संख्येचेही तसेच. पॅडीत समुद्रात एका प्रशिक्षकामागे ८ विद्यार्थी ही वरची मर्यादा आहे, तीही पाणी नितळ आणि शांत असताना. पाणी गढूळ असेल तर ती कमी करायची जबाबदारी प्रशिक्षकाचीच, असे नियमच सांगतो. गढूळ पाण्यात चौघांच्या वर नेऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्डावर कोणाचेही नाव असो, होडीवर एजन्सीचा माणूस नसतो.

पर्यटकांनीही एक ओळखावे. हात धरून नेलेला वीस-तीस मिनिटांचा डाइव्ह हा परिचय असतो, कोर्स नव्हे. पॅडीत त्याची मर्यादा १२ मीटर आहे आणि त्यातून ओपन वॉटरचे कार्ड मिळत नाही. फोटोबरोबर छापून मिळणाऱ्या कागदावर दुसऱ्या गावी सिलिंडर मागू नये.

केंद्रांना आमची मागणी साधी आहे : दरपत्रकावर एजन्सीच्या बोधचिन्हाशेजारी एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, तलावात किती तास आणि वजनाची चाचणी कोणत्या डाइव्हला, एवढे तीन आकडे छापावेत.

— डायव्हिंग प्रशिक्षक, वास्को