शेडमधला लेथ
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या यंत्रांवरचा लेख आवडला, पण त्यात घरगुती लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला हत्याराने आकार देणारं यंत्र, राहून गेला. मी चाळीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कामगार होतो. मुलीकडे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला गेलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी बागेतल्या शेडमधला मायफर्ड कंपनीचा एमएल-७ हा छोटा लेथ दाखवला. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली आलेला, जवळच्याच बीस्टनमध्ये बनलेला, साडेतीन इंच सेंटर हाइटचा (म्हणजे फिरण्याचा अक्ष पाटापासून साडेतीन इंच उंच). चेंज गिअर (आट्यांमधलं अंतर ठरवणारी बदलती दातेरी चाकं) बसवून त्यांनी खेळण्यातल्या वाफेच्या इंजिनासाठी आटे पाडले. मी कॅरेजचं, म्हणजे हत्यार धरून सरकणाऱ्या भागाचं चाक फिरवलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बोटांना जुनी ओळख पटली. मायफर्डचा बीस्टनचा तो कारखाना २०११ मध्ये बंद झाला. या छोट्या लेथवरही सविस्तर लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त टर्नर, चिंचवड